सायकलीबरोबर कुत्रा पळवताना : सोलापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहाटे साडेपाचला जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांवर मी सायकलवर आणि माझा सर्जा डाव्या बाजूला दुडक्या चालीने, असं आमचं सहा वर्षं चाललंय. फिरायला निघालेली माणसं थांबवून विचारतात. कुणाच्या घरी लॅब, म्हणजे लॅब्रडॉर आहे, कुणाकडे गावाकडून आणलेलं कारवानी पिल्लू आहे, कुणाचा मुलगा हट्ट धरून बसलाय. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. सायकलवर आपण दमत नाही आणि कुत्रा "थांबा" म्हणत नाही. मालक पुढे चाललाय म्हटल्यावर तो पळत राहतो. पाय सोलले तरी, जीव घशाशी आला तरी. पायी पळताना निदान आपल्यालाही धाप लागते, सायकलवर तेवढीही सूचना मिळत नाही. तेव्हा वेग किती, अंतर किती, थांबायचं कधी, हे त्याच्या अंगावरून वाचायचं काम आपलं.

माझा कुत्रा सायकलीबरोबर पळेल का?

अंगाने सडपातळ, पाय लांब, नाक लांब आणि तब्येत ठणठणीत असेल तर बहुधा पळेल. आपला गावठी कुत्रा या कामाला फार चांगला. आखूड केस, घट्ट पंजे, इथल्या हवेची सवय. कारवानीबद्दल तर बोलायलाच नको. हाच कुत्रा कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखला जातो आणि २००५ साली टपाल खात्याने त्याच्यावर तिकीटही काढलं. फक्त ही जात नजरेने शिकार करणारी आहे, हे विसरू नका. लांबवर मांजर हललं की तो क्षणात चौखूर सुटतो आणि तेव्हा तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. कारवानी पाळणाऱ्याने खाली लिहिलेला "थांब"चा सराव इतरांच्या दुप्पट करावा.

पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना सायकलीबरोबर पळवू नका. थोडंसुद्धा नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांत असतात आणि शरीरातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर सोडतो. ज्याची श्वासाची वाटच आखडलेली, त्याने ती सोडायची कशी? डॅशहाउंडची पाठ लांब आणि पाय आखूड, मणक्याला त्रास होतो. पॉमेरेनियनसाठी तुमची सगळ्यात हळू सायकलसुद्धा जीव तोडून पळणं ठरते. हस्की बर्फात ओढण्यासाठी घडलेला. त्याच्या अंगावर दुहेरी केसांची गोधडी आहे आणि आपण सोलापुरात राहतो.

लॅब पळू शकतो, पण आपल्याकडचे बरेच लॅब अंगाने सुटलेले असतात. तळहात बरगड्यांवरून फिरवून बघा. दाब न देता बरगड्या बोटांना लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर आधी दोन-तीन महिने पायी चालणं आणि ताटातली पोळी कमी करणं, सायकल त्यानंतर. वजन उतरवायला म्हणून सायकल सुरू केली तर सांध्यांचा खर्च अंगावर येतो.

किती वयापासून सुरू करावं?

वाढ पूर्ण झाल्यावर. पिल्लांच्या हाडांच्या टोकांशी मऊ, वाढणारा भाग असतो. तो पक्का व्हायच्या आत रोज कडक रस्त्यावर एकसारखं पळवलं तर पाय वाकडे होऊ शकतात, सांधे लवकर झिजतात. मध्यम चणीच्या कुत्र्याला साधारण एक ते सव्वा वर्ष, लॅब किंवा जर्मन शेफर्डला दीड वर्ष, ग्रेट डेनसारख्या थोराडाला दोन वर्षं, एवढं थांबा. "साताठ महिन्यांचं आहे, पण घरात नुसता धुडगूस घालतं" असं सांगणारे खूप भेटतात. त्या पिल्लाला मोकळ्या मैदानात आपल्या मनाने खेळू द्या. मनाने पळणारं पिल्लू दमलं की बसतं, पट्ट्याने बांधलेलं बसू शकत नाही.

आधी डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

हो. हृदय, सांधे, वजन आणि रेबीजची लस, या चार गोष्टी बघून घ्या. जर्मन शेफर्ड, लॅब आणि रॉटवायलरचे खुबे विशेष बघायला सांगा, या जातींत खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आढळतो. गोचीड तापाची शंका असेल तर रक्त तपासून घ्या. या तापात रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी कमी होतात आणि वरून धडधाकट दिसणारा कुत्राही पळवला की नाकातून रक्त येऊन कोसळू शकतो.

पट्टा हँडलला बांधला तर चालेल का?

नाही. हे उत्तर मी स्वतः पडून शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी मी पट्टा हँडलच्या डाव्या मुठीलाच अडकवायचो. सोपं वाटायचं. एके दिवशी गटारातून एक डुक्कर फुसकन बाहेर आलं. सर्जा आडवा झेपावला, हँडल एका झटक्यात काटकोनात फिरलं आणि मी सायकलवरून थेट खडीवर. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पण माझ्या डोळ्यांपुढे आजही येतो तो सर्जाचा पुढचा पाय. पट्टा सायकलीसकट अडकलेला, तो तीन पायांवर उभा, आणि एक नख मुळापासून उपटून नुसत्या कातडीला लोंबत होतं. खडीवर रक्ताचे थेंब पडत होते आणि तो मान लांब करून माझाच हात चाटत होता.

हँडलवर पडलेली ओढ थेट पुढचं चाक फिरवते. तीच ओढ सीटच्या खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ पडली तर सायकल थोडी हलते, पडत नाही. यासाठी सायकलीला बसवायचा स्प्रिंगचा दांडा मिळतो. सीटखालच्या नळीला किंवा मागच्या आसाला तो बसतो, बाजूला एक-दीड फूट बाहेर येतो आणि टोकाला छोटा पट्टा असतो. कुत्र्याने हिसका दिला की तो स्प्रिंग खाते, तुम्हाला फक्त एक हलका धक्का जाणवतो. कुत्रा चाकापासून लांब राहतो हा दुसरा फायदा. चांगल्या दांड्याला संकटात सुटणारी कडीही असते. खांबाच्या एका बाजूने तुम्ही आणि दुसऱ्या बाजूने कुत्रा असं झालं तर ती सुटते आणि मान वाचते. ऑनलाइन मागवता येतो. वेल्डिंगवाल्याकडून साधी लोखंडी सळई वाकवून आणणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका. स्प्रिंग नसलेली सळई प्रत्येक हिसका अर्धा तुमच्या तोलावर आणि अर्धा कुत्र्याच्या छातीवर आपटते.

पट्टा हातात धरायचा झाला तर मनगटाला वेढा कधीही घालू नका. शिवाय डाव्या हातात पट्टा असला की त्या हाताचा ब्रेक दाबता येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. घाबरून तेवढा एकच दाबला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

गळपट्टा की हार्नेस?

हार्नेस, म्हणजे छाती-खांद्यांवरून बसणारा पट्टा. ओढ गळ्यावर न येता छातीच्या हाडावर यायला हवी. समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा घ्या, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस पुढच्या पायांची चाल अडवतात, रोज पळणाऱ्याला ते नकोत. पट्टीखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काखेत केस घासले गेलेत का, कातडी लाल झालीय का, हे दर आठवड्याला बघा. आवळणारी साखळी आणि आतून टोकं असलेला काटेरी पट्टा सायकलीच्या आसपाससुद्धा नको. गळ्यात नाव आणि तुमचा फोन नंबर असलेला बिल्ला मात्र राहू द्या.

कुत्रा कुठल्या बाजूला पळवायचा? व्हिडिओत तर उजवीकडे दिसतो.

तो व्हिडिओ युरोप-अमेरिकेतला असतो. तिथे बहुतेक देशांत वाहनं उजव्या बाजूने चालतात, म्हणून कुत्रा रस्त्याच्या कडेला ठेवायचा तर तो उजवीकडे येतो. आपण डावीकडून चालतो, तेव्हा आपला कुत्रा डावीकडे. मध्ये तुमची सायकल, पलीकडे वाहनं. आणखी एक सोय म्हणजे चेन आणि दातेरी चक्र उजव्या बाजूला असतात, डावी बाजू स्वच्छ असते. फक्त तुमच्या सायकलीला डावीकडे साइड स्टँड असेल तर तो काढून टाका किंवा घट्ट करून घ्या. ढिला होऊन खाली आलेला स्टँड कुत्र्याच्या पायात जातो.

सायकल बघूनच घाबरतो. सवय कशी लावू?

घाई न करता. आधी तीन-चार दिवस सायकल अंगणात किंवा बोळात उभी करून तिच्याजवळ त्याला जेवायला द्या. मग सायकल हातात धरून चालवत न्या, तो तुमच्या डावीकडे आणि सायकल तुमच्या उजवीकडे. चेनची टकटक, ब्रेकची किंचाळी, घंटी, सगळं त्याच्या कानावरून जाऊ द्या. मग सायकल मध्ये घ्या. हे सगळं निर्धास्त झालं की सीटवर बसा आणि पन्नास पावलं जा, थांबा, शाबासकी द्या, उतरा. पहिला दिवस संपला.

त्याच काळात चार शब्द पक्के करा: चल, हळू, थांब आणि सोड. "सोड" म्हणजे जे दिसतंय त्याचा नाद सोड. शब्द कुठल्या भाषेतले हे महत्त्वाचं नाही. शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या एका मित्राच्या घरी कुत्र्याशी तेलुगूतून बोलतात, "आगु" म्हटलं की त्यांची कुत्री जागच्या जागी थांबते. अडचण होते ती मुलगा "स्टॉप" म्हणतो, आई "थांब" म्हणते आणि आजी "आगु" म्हणते तेव्हा. घरातल्या सगळ्यांनी एकच शब्द ठरवा. पायी चालताना दहापैकी नऊ वेळा "थांब" ऐकल्याशिवाय सायकलवर बसू नका.

वेग किती ठेवायचा आणि किती लांब न्यायचं?

वेग त्याच्या चालीवरून ओळखायचा. कुत्र्याची दुडकी चाल बघा: पुढचा एक पाय आणि मागचा त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय एकदम उचलला जातो, पाठ जवळजवळ सपाट राहते, एक ताल लागतो. ही चाल तो बराच वेळ टिकवू शकतो. मध्यम ते मोठ्या कुत्र्याचा तेव्हाचा वेग साधारण ताशी १० ते १५ किलोमीटर असतो. पाठ वरखाली व्हायला लागली, पुढचे दोन पाय जोडीने पडायला लागले की तो चौखूर गेला. तेव्हा ब्रेक लावायचा. सर्जाचा ताल मला आता न बघता ऐकू येतो. नखांची टिकटिक एकसारखी आली की बरोबर, तुटक आली की हळू.

जर्मनीत कामाच्या कुत्र्यांची एक सहनशक्तीची परीक्षा असते. सायकलीबरोबर २० किलोमीटर, ताशी १२ ते १५ किलोमीटर वेगाने, तेही मध्ये ठरलेल्या विश्रांती घेऊन आणि पंजे तपासून. कुत्रा किमान १६ महिन्यांचा असावा लागतो आणि त्याआधी कित्येक आठवडे तयारी करून घेतात. तिथली हवा थंड, कुत्रे निवडलेले. लोक हा आकडा ऐकतात आणि आपल्या लॅबला पहिल्या रविवारी होटगीपर्यंत नेऊन आणतात. असं नका करू.

आपल्यासाठी असं धरा. पहिली दहा मिनिटं पायी, शी-शू उरकून अंग मोकळं होईपर्यंत. मग पाच मिनिटं दुडकी, दोन मिनिटं चालणं, पुन्हा पाच मिनिटं दुडकी, आणि घरी येताना पायी. पहिले दोन आठवडे एवढंच, तेही एक दिवसाआड. नंतर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. दम लवकर वाढतो, पण पंजे आणि हाडं-स्नायू जोडणारे बंध पक्के व्हायला महिने लागतात. कुत्रा उत्साहात असतो म्हणून आपण फसतो. सर्जा या सहा वर्षांत एका वेळी पाच किलोमीटरच्या पुढे कधी गेला नाही आणि त्याला कशाची कमी नाही.

आणि हो, सायकल म्हणजे रोजच्या फिरण्याला पर्याय नव्हे. हुंगत हुंगत, प्रत्येक खांबापाशी थांबत चालणं ही त्याची खरी करमणूक आहे. ती संध्याकाळी वेगळी द्या.

सोलापूरच्या उन्हात हे शक्य आहे का?

वर्षातले काही महिने शक्य आहे, काही महिने अजिबात नाही. माझा नियम असा: गुढीपाडव्याच्या सुमाराला सायकल भिंतीला, आणि मृगाचा चांगला पाऊस पडून हवा निवली की पुन्हा खाली. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ पर्यंत जातो आणि पहाटेसुद्धा हवा कोमटच असते. कुत्र्याच्या अंगाचं तापमान मुळात १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यात पळण्याची उष्णता आणि धाप टाकून बाहेर सोडायला बाहेरची हवाही गरम. हिशोब जमत नाही.

बरेच जण म्हणतात, "आम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर नेतो." ऊन उतरतं, डांबर उतरत नाही. हवा ३५ अंशांवर असताना उन्हातलं डांबर ६० अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि दिवे लागल्यावरही ते बराच वेळ धग सोडत राहतं. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला हात उचलावा लागला तर त्याच्या पंजांनाही तो रस्ता नको. उरलेल्या महिन्यांतही वेळ पहाटेचीच. थंडीत मात्र मजा असते. डिसेंबर-जानेवारीत, शेतात हुरडा आलेला असतो त्या दिवसांत, सात वाजताही गारवा असतो आणि सर्जा स्वतःहून हार्नेस तोंडात धरून दाराशी उभा राहतो.

ऊन लागलंय हे ओळखायचं कसं आणि करायचं काय?

जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाशी उलथन्यासारखी रुंद होते. लाळ चिकट, दोरीसारखी लोंबते. हिरड्या विटेसारख्या लाल होतात. तो मागे रेंगाळतो, सावली दिसली की तिथेच बसू बघतो. यातलं पहिलं चिन्ह दिसताच सायकलवरून उतरा. पुढची पायरी म्हणजे लडखडणं, उलटी, रक्ताचे जुलाब, शुद्ध हरपणं. तिथपर्यंत पोचलेला कुत्रा वाचेलच असं सांगता येत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका लॅबला मार्च अखेरीस संध्याकाळी पळवून आणलं होतं. गेटच्या आत येऊन तो आडवा झाला, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. घरचे त्याला तसाच रिक्षात घालायला निघाले होते. आम्ही आधी थंड करून घेतलं. क्रम हाच: आधी थंड करा, मग दवाखाना. सावलीत आणा, हार्नेस काढा, पोट, मांड्यांचा आतला भाग, काखा आणि पंजे यांवर पाणी सतत ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संध्याकाळी कढत असतं, म्हणून जमिनीतल्या हौदाचं किंवा पिंपातलं पाणी घ्या. शुद्धीत असेल तरच थोडं थोडं पाजा, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. घरातला थर्मामीटर गुदद्वारातून लावून १०३ फॅरनहाइटपर्यंत उतरलं की ओतणं थांबवा, नाहीतर तापमान उलटं फार खाली जातं. मग तो बरा वाटला तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण मूत्रपिंडांवरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. तो लॅब वाचला. चार दिवस सलाइनवर होता.

पंजांची काळजी काय घ्यायची?

घरी आल्यावर चारही पंजे हातात घेऊन बघायचे, रोज. आपल्या माळावर आणि रस्त्याच्या कडेला सराटे किती असतात ते सांगायला नको. तेच सायकलीची ट्यूब पंक्चर करतात आणि तेच बोटांच्या बेचक्यात रुततात. पावसाळा सरला की गवताची कुसळं येतात. कुसळ आत शिरलं की वरून फक्त एक ओला ठिपका दिसतो, तो तिथेच चाटत बसतो, आणि आठवड्याने तिथे गळू होतं. वेड्या बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर स्वतः सुईने उकरू नका.

पंज्याची गादी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर कातडी घासून पातळ झालीय. सोलली असेल तर पूर्ण भरेपर्यंत सायकल बंद. नखं रस्त्यावर टेकतील इतकी वाढू देऊ नका.

गवतातून आलात तर कानाच्या मागे, काखेत आणि बोटांमध्ये गोचीड शोधा.

भटकी कुत्री अंगावर येतात. मग?

सोलापुरात सायकलवर निघणाऱ्याचा हा पहिला प्रश्न आहे आणि बरोबर आहे. त्यांच्या बाजूने बघा: त्यांच्या गल्लीतून एक परका कुत्रा वेगाने चाललाय. ती भुंकणारच. पायडल मारून निसटायचा विचार मनात आणू नका. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे, आणि तुम्ही सुटाल पण बांधलेला तुमचा कुत्रा सापडेल.

लांबूनच वेग कमी करा. टोळी उठून उभी राहिली की सायकलवरून उतरा. सायकल तुमच्या कुत्र्याच्या आणि त्यांच्या मध्ये घ्या. पट्टा आखूड पण सैल, कारण ताणलेला पट्टा तुमची भीती त्याच्यापर्यंत पोचवतो. नजरेला नजर न देता, न धावता, गल्ली पार करा. बहुतेक वेळा त्यांची हद्द संपली की ती थांबतात. दगड मारू नका. आज मारलेला दगड उद्या त्याच रस्त्याने येणाऱ्या दुधवाल्याला आणि शाळकरी पोराला भोवतो.

त्याहून चांगलं म्हणजे रोज तोच रस्ता धरा आणि आधी महिनाभर त्या रस्त्याने पायी जा. आमच्या वाटेवर चार टोळ्या आहेत. पहिल्या दोन आठवड्यांत कान किटायचे, आता ती मान वर करून बघतात आणि पुन्हा झोपतात.

चावा बसलाच, तर तुमची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या, सरकारी रुग्णालयात ती मिळते. हळद, चुना, मिरची काही लावू नका. कुत्र्याला चावा बसला असेल तर त्याची आधीची लस झालेली असली तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा द्या.

सोलापुरात कुठे न्यावं?

मातीची वाट सगळ्यात चांगली. सांध्यांना मऊ, पंजांना गार. शहराच्या कडेला, शेतांकडे जाणाऱ्या गाडीवाटा आणि पाणंद रस्ते शोधा; शेतमालकाला आधी विचारा आणि उभ्या पिकात शिरू नका. ते जमत नसेल तर वसाहतींचे आतले रस्ते, पहाटेचे. विजापूर रोड, होटगी रोड, अक्कलकोट रोड आणि पुणे-हैदराबाद महामार्ग कितीही रिकामे दिसले तरी नकोत. उसाचा ट्रॅक्टर किंवा ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेनेच कुत्रा दचकतो. संभाजी तलावाकडे सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथे सायकल हातात धरून चाला. गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदान आणि सिद्धेश्वर तलावाचा परिसर टाळा, आणि शोभेच्या दारूकामाच्या रात्री तर कुत्रा घरातच ठेवा.

नान्नजचा माळ बघून अनेकांना मोह होतो. तिथे कुत्रा नेऊ नका. ते माळढोकाचं अभयारण्य आहे. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, काळवीट आणि लांडगे तिथे राहतात. तुमच्या कुत्र्याने नुसतं हुंगलं तरी पक्षी अंड्यांवरून उठतो, आणि पाळीव कुत्र्यांचे आजार लांडग्यांत पसरतात.

पहाटे अंधार असतो. सायकलला मागे लाल दिवा आणि कुत्र्याच्या हार्नेसला चमकणारी पट्टी हवीच.

खायला-प्यायला कधी द्यायचं?

पोट भरलेलं असताना पळवू नका. खोल छातीच्या कुत्र्यांत, म्हणजे जर्मन शेफर्ड, डॉबरमन, ग्रेट डेन यांच्यात पोट फुगून त्याला पीळ बसू शकतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. पोट ढोलासारखं, उलटीचा नुसता उमाळा पण बाहेर काही नाही, असं दिसलं तर एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठा. पळण्याच्या आधी तीन तास आणि नंतर तासभर जेवण नको. भाकरी-दूध, चिकन-भात, पाकिटातलं खाणं, काहीही असो, नियम एकच. पाणी मात्र बरोबर ठेवा. दर दहा-पंधरा मिनिटांनी चार घोट द्या, एकदम भांडंभर नको.

स्कूटीवरून पळवलं तर?

नाही. स्कूटीचा वेग तुमच्या मनगटात असतो, तो कुत्र्याच्या पायांना झेपेल असा राहत नाही. धुराची नळी त्याच्या तोंडाजवळ येते. एका हाताने साखळी, एका हाताने गाडी, हे दृश्य मी दर आठवड्याला बघतो आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो. प्राण्याला त्याच्या शक्तीपलीकडे पळवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. वेळ नसेल तर अर्धा तास पायी फिरवा.

मोकळा सोडून बरोबर पळवू का? माझं ऐकतो.

रस्त्यावर नाही. किती ऐकतो हे डुक्कर आडवं येईपर्यंत कळत नाही.

दोन कुत्री एकदम नेता येतील?

दोघांचाही एकट्याने सहा महिने सराव झाल्याशिवाय नको. आणि एक तरणा, एक वयस्क असेल तर कधीच नको. वयस्क कुत्रा तरण्याच्या वेगाने ओढला जातो.

पावसाळ्यात?

झिमझिम पावसात त्याला काही होत नाही, आपल्यालाच कंटाळा येतो. काळी माती मात्र पंजांत गोळे करून बसते आणि चालणं बिघडवते, घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, त्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) धोका असतो. त्याची लसही मिळते. गवत वाढलेल्या वाटेवर घोणस असू शकते, तेवढे महिने उघड्या रस्त्यावरच राहा.

त्याला आवडतंय की नाही, कसं कळणार? आणि थांबवायचं कधी?

हार्नेस हातात घेतल्यावर तो पुढे येतो की मागे सरकतो, हे बघा. एवढं पुरेसं आहे. काही कुत्र्यांना सायकल कधीच आवडत नाही, त्यांना पायी फिरवा.

थांबवण्याचं वय ठरलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी उठताना अंग आखडलेलं, जिना चढताना थबकणं, नेहमीच्या वळणावर आपणहून घराकडे बघणं, ही चिन्हं सात वर्षांनंतर दिसायला लागतात. सर्जा आता आठ वर्षांचा आहे. या दिवाळीनंतर आमची दुडकी पाच किलोमीटरवरून अडीचवर आणली. त्या वळणावर, लिंबाखाली, मी उतरतो, पट्टा दांड्यावरून सोडून हातात घेतो आणि तिथून घरापर्यंत सायकल ढकलत आणतो. तो प्रत्येक खांब हुंगतो. पाऊण तास लागतो.